तानापिहिनिपाजा आणि रेझिस्टरच्या पट्ट्या



आजचा पाठ प्राथमिकच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात या रूपात सापडणार नाही. पण त्यासाठी लागणारं सगळं सामान पाचवीच्या मुलाकडे आधीच असतं. दहा रंगांची नावं, दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत यांतला फरक, आणि इंद्रधनुष्याच्या वेळी पाठ झालेलं तानापिहिनिपाजा. एवढ्यावर मूल रेझिस्टर वाचू शकतं. हाच रंगसंकेत पुढे भौतिकशास्त्रात आणि आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला आला की मुलं तो रडतखडत पाठ करतात. पाचवी ते सातवीत तो खेळासारखा होऊन जातो आणि त्यातून गणिताचा सराव होतो तो वेगळाच.

घरातला बंद पडलेला रेडिओ, जुना चार्जर, रिमोटची गाडी यांपैकी काहीही उघडून बघा. आतल्या पाटीवर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, दोन्ही बाजूंना तारेचे पाय असलेले आणि अंगावर रंगीत पट्ट्या असलेले तुकडे दिसतील. मुलं त्याला सरळ ‘मणी’ म्हणतात. म्हणू द्या. पुस्तकी मराठीत तो ‘रोधक’, दुकानात रेझिस्टर.

तो काय करतो हे आपल्या मुळशीच्या मुलांना सांगायला फार त्रास नाही. भातखाचरं सगळ्यांनी पाहिलेली असतात. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात सोडताना बांधाला वाट किती रुंद पाडायची हे शेतकरी ठरवतो. वाट अरुंद ठेवली तर पाणी बेताने जातं, मोठी पाडली तर खालची रोपं वाहून जातात. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेवरची ती अरुंद जागा. वाट किती अरुंद, ते सांगणारं माप म्हणजे ओहम. आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी जाणार. (हे माप ज्याच्या नावाचं, तो गेओर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं तेव्हा त्याच्या देशातल्या बऱ्याच विद्वानांनी त्याकडे पाठच फिरवली. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावं!)

मुलांचा पहिला प्रश्न हमखास असा असतो की आकडाच का नाही छापला? चांगला प्रश्न आहे, लगेच उत्तर देऊ नका. एक पेन्सिल द्या, तिच्यावर बारीक अक्षरात ‘४७००’ लिहायला सांगा आणि पेन्सिल फिरवा. आकडा मागे जातो. आता त्याच पेन्सिलीला गोल रंगीत कडं काढा आणि फिरवा. कुठूनही दिसतं. रेझिस्टर गोल असतो, इवलासा असतो, पाटीवर कसाही वळून बसतो. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ बनवणाऱ्यांच्या संघटनेने रंगांची पद्धत ठरवली, त्या वेळी अंग, टोक आणि ठिपका अशा तीन जागी रंग असायचे. पुढे त्याच्या पट्ट्या झाल्या आणि आज जगभर तोच क्रम चालतो.

आता तो क्रम.

काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९.

आपल्याकडे कॉलेजात हा क्रम ‘बीबी रॉय’ नावाच्या कुणा गृहस्थाच्या इंग्रजी वाक्याने पाठ करतात. त्या वाक्याची अडचण अशी की इंग्रजीत काळा, तपकिरी आणि निळा तिन्ही रंग ‘बी’ने सुरू होतात, हिरवा आणि राखाडी दोन्ही ‘जी’ने. म्हणजे वाक्य पाठ असूनही कोणता बी कुठला ते वेगळं लक्षात ठेवायचं! आपल्या मुलांना याची काही गरज नाही. क्रमाकडे नीट बघा. २ ते ७ म्हणजे लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. हे आपलं तानापिहिनिपाजाच आहे, फक्त त्यातला पारवा गळलाय आणि तांबड्याला लाल म्हटलंय. इंद्रधनुष्याच्या आधी दोन गडद रंग, काळा आणि तपकिरी. इंद्रधनुष्यानंतर दोन फिके, राखाडी आणि पांढरा. अंधारातून उजेडाकडे. फळ्यावर असं लिहा:

का-त, ला-ना-पि-हि-नि-जा, रा-पां.

दहाही अक्षरं वेगळी आहेत, एकाचा दुसऱ्याशी घोटाळा नाही. तालात दोन-तीनदा म्हटलं की मुलांना येतं. बोटांवर म्हणायचं, पण सुरुवात शून्यापासून म्हणजे मिटलेल्या मुठीपासून करायची. मूठ म्हणजे ‘का’, पहिलं बोट ‘त’. असं केलं की काळा म्हणजे १ ही चूक होत नाही.

एक सूचना. सुरू करण्याआधी रंगांची नावं वर्गात ठरवून घ्या. आपल्या मुलांच्या तोंडी तपकिरी हा शब्द नसतोच, ती ‘चॉकलेटी’ म्हणतात. नारिंगीला ‘केशरी’, राखाडीला ‘करडा’. घरी काय म्हणायचं ते म्हणा, पण या खेळात ‘तपकिरी’ म्हणायचं, नाहीतर ‘का-त’ मधला ‘त’ कुठून आला ते कळणार नाही. तपकिरीसाठी माझ्याकडे एक हुकमी खूण आहे. पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची जी गल्ली आहे, तिचं नाव तपकीर गल्ली. ‘रेझिस्टर आणायला जायचं कुठे? तपकीर गल्लीत. तिथे पहिलं पाऊल, म्हणून तपकिरी १.’ ओढूनताणून जुळवलेलं आहे, पण मुलं विसरत नाहीत.

आता खरा पाठ सुरू होतो. साध्या रेझिस्टरवर चार पट्ट्या असतात. त्यातली सोनेरी किंवा चंदेरी पट्टी उजव्या हाताला ठेवायची आणि डावीकडून वाचायचं. पहिली पट्टी म्हणजे पहिला अंक. दुसरी म्हणजे दुसरा अंक. तिसरी पट्टी म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची तो आकडा. पिवळा, जांभळा, लाल: ४, ७, आणि दोन शून्यं. ४७०० ओहम.

मुलं पहिल्या दिवशी याला ४७२ म्हणतात. जवळजवळ सगळी म्हणतात. तिथे ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका, कारण याच जागी स्थानिक किमतीचा अख्खा धडा दडलेला आहे. फळ्यावर तीन लाल पट्ट्यांचा रेझिस्टर काढा. लाल, लाल, लाल. रंग एकच, दर्शनी किंमत तिन्हीकडे २. पण पहिला लाल ‘वीस’ सांगतो, दुसरा ‘दोन’ सांगतो, आणि तिसरा सांगतो की ‘माझ्या जागी अंक लिहू नका, दोन शून्यं द्या’. मिळून २२००. वहीत २२२ या संख्येत तीन दोनांच्या स्थानिक किमती लिहायला सांगितल्या की मुलं यंत्रासारखी २००, २०, २ लिहून मोकळी होतात. इथे जागेप्रमाणे काम बदलतं हे त्यांना हातात धरून दिसतं. पुढे सातवी-आठवीत घातांक येतो तेव्हा ‘तिसरी पट्टी म्हणजे दहाचा घात’ एवढंच म्हणायचं उरतं.

आणि याहून अवघड काळी पट्टी. हिरवा, निळा, काळा किती? मुलं म्हणतात ५६०. काळा म्हणजे शून्य, मग शून्य लिहिलं! इथे घाई करू नका. तिसऱ्या जागेचा प्रश्न ‘किती शून्यं?’ असा आहे. काळा म्हणतो ‘शून्य शून्यं’, म्हणजे एकही नाही. उत्तर ५६. मग लगेच तपकिरी, काळा, तपकिरी विचारा. इथे काळा दुसऱ्या जागी आहे, तिथे तो अंक म्हणून लिहायचा: १०, आणि पुढे एक शून्य, १००. एकच काळा रंग एके ठिकाणी शून्य लिहायला लावतो आणि दुसरीकडे काहीच लिहू देत नाही. शून्य हा अंक आणि शून्य ही मोजणी यांतला फरक भाषणाने कळत नाही, इथे कळतो. यावर मी तरी दोन तासिका देते.

गंमत म्हणून सांगा की मधोमध फक्त एकच काळी पट्टी असलेलाही रेझिस्टर मिळतो. त्याचा रोध शून्य ओहम! मग तो हवा कशाला? पाटीवर सामान बसवणाऱ्या यंत्राला साधी तार जोडण्यापेक्षा रेझिस्टरच्या आकाराची वस्तू बसवणं सोपं जातं, म्हणून तारेलाच रेझिस्टरचा सदरा घातलेला असतो.

मोठे आकडे आले की किलो वापरा. १००० ग्रॅमचा किलो मुलांना दुकानातून माहीत असतो, तसाच १००० ओहमचा किलोओहम. ४७०० ओहम म्हणजे ४.७ किलोओहम. दुकानदार नुसतं ‘चार पॉइंट सात के’ म्हणतो. तपकिरी, काळा, हिरवा म्हणजे १० आणि पुढे पाच शून्यं, दहा लाख ओहम, त्याला मेगाओहम म्हणायचं.

चौथी पट्टी मोठ्या वर्गासाठी राखून ठेवा. शेकडेवारी झाली असेल तरच घ्या. सोनेरी म्हणजे छापील किमतीपेक्षा ५ टक्के कमी-जास्त चालेल, चंदेरी म्हणजे १० टक्के, पट्टीच नसेल तर २० टक्के. ४७० ओहमवर सोनेरी पट्टी असेल तर ४७० चे ५ टक्के २३.५, म्हणजे तो ४४६.५ ते ४९३.५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. मग मल्टिमीटरने मोजा आणि बघा बसतो का. शेकडेवारीचं असं उदाहरण, ज्याचं उत्तर लगेच पडताळता येतं, पुस्तकात सहसा मिळत नाही.

इथे हुशार मूल विचारतं की ४७ च का, सरळ ५० का नाही? पेटीत रेझिस्टर बघितले तर १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. १० टक्के कमी-जास्त धरून प्रत्येकाचा पट्टा काढायला सांगा. १८ चा पट्टा १६.२ ते १९.८. २२ चा १९.८ ते २४.२. एकाचा संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू. ४७ चा पट्टा ४२.३ ते ५१.७ आहे, ५० त्यातच येतात, मग वेगळे कशाला बनवायचे? प्रत्येक आकडा आधीच्या सुमारे १.२१ पट, आणि बारा उड्यांत दहाचे शंभर होतात. पाच टक्केवाल्यांसाठी याच आकड्यांच्या मधे आणखी बारा आहेत (११, १३, १६, २०, २४, ३०, ३६, ४३, ५१, ६२, ७५, ९१).

ही यादी नुसती माहिती म्हणून पाठ करायची नाही, तिचा उपयोग होतो. एखाद्याने पट्ट्या वाचून ‘४६००’ सांगितलं तर ४६ या यादीत नाही. म्हणजे दुसरी पट्टी निळी वाटली तरी बहुधा जांभळी आहे, पुन्हा बघ. आपली चूक आपणच पकडायची सवय यातून लागते.

पाच पट्ट्यांचे निळ्या अंगाचे रेझिस्टर सुरुवातीला वर्गात आणू नका. त्यात पहिल्या तीन पट्ट्या अंकांच्या, चौथी शून्यांची आणि पाचवी टक्क्यांची, बहुतेक वेळा तपकिरी म्हणजे १ टक्का. आता सोनेरी पट्टी नसल्यामुळे डावं-उजवं कळत नाही. तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी हा १०० पुढे दोन शून्यं, १०,००० ओहम. उलटा धरला तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२०! दोन्ही आकडे यादीत बसणारे. शेवटच्या पट्टीआधी थोडी जास्त जागा सोडलेली असते असं म्हणतात, पण प्रत्यक्षात ती जागा दिसेलच असं नाही. अशा वेळी मल्टिमीटर हाच निर्णय. मोजताना रेझिस्टर सुटा हवा, पाटीवर असेल तर वीज बंद करून निदान एक पाय मोकळा करायला हवा.

चुकीचं वाचलं तर काय बिघडतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसायला पाहिजे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, पांढरा एलईडी आणि एक रेझिस्टर. असा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, उरलेले ६ रेझिस्टरने सोसायचे. २० मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह हवा तर ६ भागिले ०.०२, म्हणजे ३०० ओहम. यादीतला त्याच्या वरचा आकडा ३३०: नारिंगी, नारिंगी, तपकिरी. तिसरी पट्टी तपकिरीऐवजी लाल असलेला उचलला तर ३३०० ओहम, एलईडी मिणमिणतो. आणि काळी असलेला उचलला तर ३३ ओहम. हिशोबाने १८० मिलिअ‍ॅम्पिअर, एलईडीच्या कुवतीच्या नऊ पट. एलईडी क्षणभर लखलखतो आणि जातो. एक एलईडी वाया घालवायची तयारी ठेवून हा प्रयोग तुम्ही स्वतः करून दाखवा, मुलांना थोडं लांब बसवा. तिसऱ्या पट्टीचं महत्त्व पुन्हा सांगावं लागत नाही.

पालकांना इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. हे सगळं बॅटरीवर. आजकाल गावोगावी मुलं व्हिडिओ बघून घरचा बंद पडलेला एलईडी बल्ब उघडतात. त्यातल्या पाटीला थेट घरची २३० व्होल्टची वीज येते आणि होल्डरमधून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ साठा राहू शकतो. मुलाला रेझिस्टर वाचता येतो म्हणजे बोर्डाला हात लावायची परवानगी मिळाली असं होत नाही.

आता अशा गोष्टीकडे येते जी या पाठात हमखास उघडी पडते आणि एरवी वर्षानुवर्षे झाकलेली राहते. रंग लावण्याच्या खेळात एखादा मुलगा तपकिरी आणि हिरवे तुकडे एकाच ढिगात ठेवतो, किंवा लाल-तपकिरीत सारखा अडतो. गणितात तो चांगला असतो, क्रम धडाधड म्हणतो, पण पट्टी चुकते. आपण म्हणतो लक्ष नाही. जरा थांबा. लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट न दिसणं हे जन्मजात असतं आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये खूप जास्त आढळतं, कारण त्याचा दोष ज्या एक्स गुणसूत्रावर असतो ते मुलाला एकच मिळतं, तेही आईकडून. अशा मुलाला जग काळं-पांढरं दिसत नाही, फक्त काही रंगांच्या जोड्या सारख्या दिसतात. त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं, कारण त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

वर्गासमोर ‘हा कोणता रंग सांग बरं’ असं दहा वेळा विचारू नका. बाकीच्यांची करमणूक होते आणि ते पोर कायमचं मिटतं. आधी उजेड तपासा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग असे उतरतात की दुपारी दोनला वर्गात अंधार, त्यात लाईट गेलेली, तेव्हा लाल आणि नारिंगी पट्टी कुणालाच सांगता येत नाही. चांगल्या उजेडातही तेच होत असेल तर पालकांना वेगळं बोलवून सांगा आणि नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. ठिपक्यांच्या चित्रातला अंक ओळखायची इशिहारा चाचणी पाच-दहा मिनिटांत होते. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी ती १९१७ मध्ये काढली, आजही तीच चालते.

लवकर कळण्याचा फायदा फार मोठा आहे. रेल्वेच्या इंजिनचालकासारख्या काही नोकऱ्यांना रंग ओळखणं सक्तीचं असतं. पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणाऱ्या किती आईबापांचं मुलासाठी असं काही ना काही स्वप्न असतं. अभ्यास, फॉर्म, परीक्षा सगळं झाल्यावर वैद्यकीय तपासणीत हे कळण्यापेक्षा पाचवीत कळलेलं बरं. आणि याचा अर्थ दारं बंद असाही काढू नका. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रंगांधळेपणामुळे एडिटिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक्समध्येही मल्टिमीटर आहे. पाटीवरच्या चपट्या रेझिस्टरवर तर रंगच नसतो, फार बारीक नसेल तर आकडे असतात आणि नियम तोच: १०३ म्हणजे १० पुढे तीन शून्यं, ४७२ म्हणजे ४७००. पहिल्या दिवशी मुलं ‘४७२’ म्हणाली होती, तोच आकडा इथे छापलेला मिळतो हे त्यांना दाखवाच. या मुलाला त्या रेझिस्टरचा गटप्रमुख करा.

सामानाचं सांगून टाकते. सुरुवातीचा आठवडा विकत काहीच आणू नका. खाकी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, त्यावर खडूने रंगवा. पांढऱ्या कागदावर पांढरी पट्टी दिसत नाही म्हणून पुठ्ठा. रंगांच्या साध्या पेटीत राखाडी नसेल तर पेन्सिलीचं शिसं घासा. प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसांची संख्या, शाळेचा पट, गावाचं पुण्यापासूनचं अंतर असं काहीतरी रंगांत लिहायचं आणि शेजाऱ्याने वाचायचं. शाळेचा पट ४७ असेल तर तिसरी पट्टी कोणती? (पुन्हा तीच काळी!) खरे रेझिस्टर नंतर. सुटे घेतले तरी रुपया-दोन रुपयांच्या घरात मिळतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत हे कशाला, असं कुणी विचारलं तर आपल्याच जिल्ह्यातलं शिरूर तालुक्यातलं पाबळ दाखवा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि खेड्यातल्या मुलामुलींनी हाताने काम करत तंत्रज्ञान शिकायचं हा अभ्यासक्रम तिथून राज्यातल्या अनेक शाळांत गेला. शेती, घर-आरोग्य, अभियांत्रिकी याबरोबर ऊर्जा हा त्यातला एक भाग आहे आणि वीजजोडणीचं काम मुलंच करतात.

खाली सरावासाठी देते, सगळ्यांत चौथी पट्टी सोनेरी आहे असं समजा. लाल-जांभळा-नारिंगी. राखाडी-लाल-तपकिरी. तपकिरी-हिरवा-काळा. निळा-राखाडी-पिवळा. आणि शेवटचं सातवीसाठी: लाल-लाल-सोनेरी, इथे तिसरी पट्टीसुद्धा सोनेरी आहे, तिचा अर्थ शून्य द्यायची नाहीत, उलट दहाने भागायचं.

उत्तरं: २७,०००, ८२०, १५, ६,८०,०००, २.२ ओहम. तिसऱ्याचं उत्तर वर्गात किती जणांनी १५० दिलं ते मोजून ठेवा, आठवड्याने पुन्हा तेच विचारा.